हौशी फुटबॉल

१ जानेवारी २०२६, गुरुवार

कंपनीने यंदा डायऱ्या हात आखडून पाठवल्या. ग्राहकांना वाटता वाटता एक उरली. ती ज्यांना द्यायची त्या गृहस्थांनी गेल्याच आठवड्यात गाडीचा विमा दुसऱ्या एजंटाकडे नेला. म्हटलं, मग हिच्यावर आता आपणच लिहू. इतकी वर्षं जळगावभर डायऱ्या वाटल्या, स्वतः एक ओळ लिहिली नाही.

पहिल्या पानावर नाव, रक्तगट, अपघात झाल्यास कोणाला कळवावे, असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात सरिताचं नाव घातलं. मोनाली बंगळूरला नोकरीला, ती येईपर्यंत अपघात शिळा होईल. बाकी आमचं दोघांचंच घर. हे लिहायला चष्मा हवा होता, तो सापडेना. ‘‘सरिता, अगं लवकर ये!’’ अशी हाक मारली. ती ‘‘आले, आले’’ करत हात पुसत आली आणि माझ्याच खिशातून चष्मा काढून माझ्या हातात ठेवला.

वर्षाची सुरुवात बरी झाली म्हणायची.

४ जानेवारी, रविवार

सकाळी चहाबरोबर सरिता म्हणाली, ‘‘मला फिलिपाईन्सला जायचंय.’’ मी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, बरं. मला वाटलं, रिंगरोडला नवीन हॉटेल निघालं असेल.

तर तसं नव्हतं. ती तलावावर बायकांच्या बॅचला पोहायला शिकवते. तिची नाशिकच्या अशाच पोहणाऱ्या बायकांशी ओळख झाली आहे. तो गट फेब्रुवारीत फिलिपाईन्सच्या एका बेटावर फ्रीडायव्हिंग शिकायला जाणार आहे. मी विचारलं, हे काय असतं? तर समुद्रात दोर सोडतात आणि त्या दोराच्या कडेने खाली जाऊन परत वर यायचं.

‘‘पाठीवर टाकी असते ना?’’

‘‘नाही.’’

‘‘नळी?’’

‘‘नाही हो. वरूनच एक श्वास घेऊन जायचं.’’

‘‘आणि खाली गेल्यावर?’’

‘‘खाली गेल्यावर वर यायचं.’’

मी म्हटलं, आपल्याकडचे लोक बँका बुडवून परदेशात जातात, तू बुडायलाच परदेशात निघालीस. ती हसली नाही. एरवी माझ्या विनोदाला ती निदान चमचा तरी वाजवते. म्हणाली, ‘‘मी ठरवलंय. फक्त एक. विमा असल्याशिवाय मी त्या दोराला हात लावणार नाही. त्यांचाही तो नियमच आहे आणि एजंटाची बायको आहे मी. विम्याचं तुम्ही बघा.’’

मी बघतो म्हटलं. मनातल्या मनात मात्र गार वाटलं. कुलूप तिने लावलं, पण किल्ली माझ्याच हातात दिली.

६ जानेवारी, मंगळवार

प्रवास विम्याची कागदं दिवसभर वाचली. गंमत अशी की टाकी पाठीला लावून समुद्रात उतरलं तर बहुतेक ठिकाणी विमा आहे, आणि बिनटाकीचं उतरलं तर ‘यात समाविष्ट नाही’. दोराने डोंगरावर चढणं, विमानातून उडी मारणं आणि आमच्या हिचं हे, सगळं एका रांगेत बसवलंय. विमा कंपन्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, पण आज त्यांच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी सांगितलं, ‘‘सरिता, या प्रकाराला विमा मिळत नाही.’’ ती ‘‘बरं’’ म्हणाली आणि वांगी निवडत बसली.

शेजारच्या गाळ्यात नासीरभाई विमानाची तिकिटं काढतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘प्रेमराजभाई, पुऱ्या बाजारात तुमी येकच मानूस, जो विमा मिळाला नाही म्हनून खूश दिसतो.’’ मी म्हटलं, खूश कसला, नियम म्हणजे नियम.

११ जानेवारी, रविवार

एरंडोलला मेहुण्याच्या, भटूच्या शेतावर भरीत पार्टी. भटूने काड्यांच्या जाळात वांगी भाजली, त्याच्या बायकोने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकल्या. पोट टम्म होईस्तोवर खाल्लं. मग भटूने विषय काढला. त्याच्या अक्काने, म्हणजे सरिताने, त्याला आधीच फोन केला होता. म्हणजे सगळ्या खानदेशाला माहीत, आणि मला विचारलं शेवटी.

मी म्हटलं, भटू, तूच तिला समजाव, काही झालं म्हणजे?

‘‘अक्काले काय व्हई, दाजी? ती त हीरमाच वाढेल शे,’’ भटू म्हणाला आणि मला विहिरीवर घेऊन गेला.

लग्नाला इतकी वर्षं झाली पण ही हकीकत मी नीट ऐकली नव्हती. पूर्वी विहिरीवर इंजिन होतं. त्याच्या पाइपाच्या खालच्या टोकाला, पाण्यात, जाळी आणि झडप असलेला लोखंडी लट्टू असतो. त्याला इकडे लहानथोर सगळे फुटबॉलच म्हणतात. त्यात पाला, शेवाळ अडकलं की इंजिन पाणी ओढेनासं होतं. मग कोणीतरी बुडी मारून फुटबॉल साफ करायचा. सरिता अंगाने हलकी आणि दमाची पक्की, म्हणून ते काम तिच्याकडे. आजूबाजूच्या शेतांतूनही तिला बोलावणं यायचं.

‘‘आबा काठवर उभा ऱ्हायेत,’’ भटू माझ्या सासऱ्यांबद्दल सांगत होता. ‘‘अक्का बुडी मारे का त्या बी दम कोंडेत. तेस्ना दम सरना का समजानं, आते आपन उडी मारानी. पन अक्का तेस्ना पहिलेच वर इसन ‘उनू!’ म्हने. मंग आम्ही बठ्ठा दम सोडूत.’’

म्हणजे आबांचा दम संपेपर्यंत ती वर आली नाही तर ते उडी मारणार, आणि उनू म्हणजे आले. एवढी अहिराणी मला येते.

आता पाणबुडी मोटर आहे, फुटबॉल गेला. आबाही गेले. सरिता काठावर वाकून खाली बघत होती. मी विचारलं, त्या अंधारात काय आवडायचं गं तुला? ती म्हणाली, ‘‘तळाशी कोणी हाक मारत नाही.’’

परतताना गाडीत मी याचा विचार केला. जळगावात तिला एवढ्या हाका कोण मारतं कळत नाही. तलावावरच्या बायका असतील. अशा कामात माणूस थकतोच, तिने एक बॅच कमी केली पाहिजे.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. मोनालीचा फोन आला, आणि तिळगूळ राहिला बाजूला, ती माझ्यावरच घसरली. ‘‘बाबा, तुम्ही आईला सोडत का नाही?’’ मी म्हटलं, मी कुठे धरलंय? विमाच नाही त्याला मी काय करू? ती म्हणाली, ‘‘केळीच्या बागेचा वाऱ्यापासून विमा असतो आणि माझ्या आईचा नाही?’’ पोरगी वकील व्हायची, चुकून कॉम्प्युटरकडे गेली.

आज सरिताने नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘‘मिळत नाही, की तुम्ही शोधला नाही?’’

मला राग आला. एवढ्या वर्षांत कोणा ग्राहकाने मला असं विचारलं नाही. मग ऑफिसात बसून खरंच विचार केला. सावद्याच्या कोणा केळी व्यापाऱ्याने विचारलं असतं तर दोन फोनमध्ये माहिती काढली असती की नसती? काढली असती. हे इथे लिहायला हरकत नाही, डायरी कोणी वाचत नाही.

दोन फोन केले.

१६ जानेवारी, शुक्रवार

एका कंपनीकडे आहे. नेहमीच्या पॉलिसीला जोडून घ्यायची, हौशी क्रीडाप्रकारांची पुरवणी. अटी अशा: प्रमाणपत्र असलेला शिक्षक सोबत हवा, एकट्याने उतरायचं नाही, आणि वीस मीटरच्या खाली जायचं नाही. भटूला फोनवर विचारलं, वीस मीटर म्हणजे किती? तो म्हणाला, ‘‘अकराएक परस. आमनी हीर बी तेवढी खोल नही, दाजी.’’ परस म्हणजे पुरुषभर खोली. उगाच विचारलं.

सरिताला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मग म्हणाली, ‘‘थँक्यू हं.’’ घरात कोणी थँक्यू म्हणत नाही आमच्याकडे. मला परक्यासारखं वाटलं.

२० जानेवारी, मंगळवार

कंपनीचा पडताळणीचा फोन आला. पलीकडे एक मुलगी, मराठी बोलत होती पण कुठल्या तरी मोठ्या शहरातली असावी. प्रत्येक वाक्यानंतर ‘ओके मॅम’. सरिताने फोन स्पीकरवर टाकला आणि फोडणीकडे बघत उत्तरं दिली. वय, वजन, दमा आहे का, कानाचं दुखणं आहे का. मग तिने विचारलं, ‘‘मॅम, या ॲक्टिव्हिटीचा पूर्वानुभव?’’

सरिता म्हणाली, ‘‘हो, लहानपणापासून. दहाव्या वर्षापासून फुटबॉल काढायचे मी.’’

‘‘फुटबॉल? ओके मॅम. नियमित?’’

‘‘उन्हाळ्यात तर दोन दिवसांआड.’’

‘‘स्पर्धेत भाग?’’

‘‘छे, स्पर्धा कसली. घरचंच.’’

‘‘म्हणजे हौशी. ओके मॅम.’’

उत्तरं स्वच्छ दिली. मी तिला अंगठा दाखवला. ग्राहक असावा तर असा.

२९ जानेवारी, गुरुवार

पॉलिसी आली. प्रिंट काढून सरिताच्या हातात ठेवली. तिने ती पासपोर्टबरोबर पिशवीत घातली. मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो की पॉलिसी हातात पडली की पहिली शब्द न् शब्द वाचा. ही मात्र मला उघडून बघवेना. त्यात ‘मृत्यू झाल्यास’ असे परिच्छेद असतात. रोजचे आहेत, मला पाठ आहेत, पण वर तिचं नाव छापलेलं होतं.

खरं सांगायचं तर या सगळ्या सहलीलाच मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतोय.

३१ जानेवारी, शनिवार

सरिता गेली. जळगाव स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसवून आलो, नाशिकच्या बायका पुढे तिच्या डब्यात चढणार होत्या. नासीरभाईही आले होते. तिकिटं त्यांनीच काढली, म्हणून त्यांना वाटतं वहिनींना त्यांनीच पाठवलं. ‘‘वहिनी, मासोळ्यांना सलाम सांगा,’’ म्हणाले.

गाडी हलताना ती सांगत होती, ‘‘डाळ वरच्या डब्यात, चहा खालच्या, आणि चष्मा खिशात बघा आधी.’’ मी म्हटलं, दम धर. म्हणजे मला म्हणायचं होतं काळजी घे. पण दम धर असं निघालं, आणि ती खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

२ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचली. आज त्यांचा वर्ग होता, उद्या पोहण्याच्या तलावात सराव, परवापासून तीन दिवस समुद्र. फोटो आला. निळं पाणी, नारळ, आणि सरिता काळ्या रबरी पोशाखात. ओळखूच आली नाही. बारीक दिसते त्यात.

घर शांत आहे. दुपारी सवयीने दोनदा हाक मारली, एकदा मेथीच्या लाडवांसाठी आणि एकदा उगाच. ‘आले, आले’ ऐकू आलं नाही. म्हणजे कशासाठी ते आता आठवत नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं.

दिवसाला किती वेळा मारतो मी हाक? मोजलं पाहिजे एकदा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येणार.

फाईल लावायची म्हणून सरिताच्या पॉलिसीची प्रत काढली. नाव बरोबर, पासपोर्ट नंबर बरोबर, तारखा बरोबर. मग ‘समाविष्ट क्रीडाप्रकार’ या ओळीवर नजर गेली.

तिथे लिहिलंय: फुटबॉल, हौशी.

आधी कळेचना. कुठला फुटबॉल? आमच्या घरात बॉल नाही. मग ती फोडणी आठवली, तो फोन, ‘ओके मॅम’. त्या मुलीने सरिताला मैदानात उतरवलं! आणि मी समोर उभा राहून अंगठा दाखवत होतो. त्यात काही खटकलं नाही, कारण आमच्याकडे फुटबॉल म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे खेळ येतच नाही, विहीर येते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एक ओळ वाचली असती तर!

आता गोष्ट अशी आहे. सरिता फिलिपाईन्सच्या समुद्रकाठी फुटबॉल खेळताना पाय मुरगळून पडली तर कंपनी खर्च देईल. पाण्यात काही झालं तर हात वर करील. मी हे सांगितलं तर ती दोराला हात लावणार नाही. तिचा शब्द म्हणजे शब्द. आठवडाभर काठावर बसेल आणि तशीच परत येईल, जशीच्या तशी, धडधाकट.

इथे खरंच लिहायचं असेल तर लिहितो. क्षणभर मला बरं वाटलं. जे मी महिनाभर चोरून मागत होतो ते न मागता पुढ्यात आलं होतं, आणि त्यात माझा दोषही दिसत नव्हता. मग तिचा तो फोटो पुन्हा बघितला. आणि स्वतःचीच लाज वाटली.

कंपनीला फोन लावला.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज ती समुद्रात उतरायची होती. उतरली नाही.

काल कंपनीत तीन माणसांशी बोललो. पहिला म्हणाला, पाण्याखालचा फुटबॉल आमच्या यादीत नाही. दुसरा म्हणाला, तुमच्या मिसेसना खेळ बदलायचा असेल तर परत आल्यावर अर्ज करा. तिसऱ्या बाई मुंबईच्या, अधिकारी होत्या. त्यांनी ऐकून तरी घेतलं. ‘‘पण फुटबॉल विहिरीत जातोच कसा?’’ त्या विचारत होत्या. मी म्हटलं, मॅडम, तो जात नाही, तो तिथेच असतो.

शेवटी सकाळी बाजारात जाऊन शालिग्रामच्या पंपाच्या दुकानातून एक नवाकोरा फुटबॉल घेतला, टेबलावर ठेवून फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, ‘सदर फुटबॉल’. वर भटूकडून विहिरीचा फोटो मागवला, त्याने स्वतःसकट पाठवला. बाईंचा फोन आला, हसू दाबत होत्या. म्हणाल्या, दुरुस्ती करता येईल, पण विमाधारकाने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं की प्रत्यक्षात काय करणार, किती खोल, कोणाच्या देखरेखीखाली.

म्हणजे सरिताला सांगणं भाग होतं.

सांगितलं. ती होडीत बसायच्या तयारीत होती. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं चिडेल. मला हवंच होतं तिने चिडावं. पण ती म्हणाली, ‘‘असू द्या. मी होडीत बसून बघते सगळ्यांचं. सही करून पाठवते.’’ मग ‘‘फुटबॉल, हौशी?’’ असं म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता आवाज कसासाच झाला. फोन ठेवला तिने.

तिचा तो ‘असू द्या’ माझ्या कानातून जात नाही. किती वर्षं म्हणतेय ती असू द्या? मी कधी विचारलं नाही की काय असू द्यायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सही आली, शिक्षकाचं पत्र आलं, सगळं पाठवलं. ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर आलं. हे वाक्य मी स्वतः ग्राहकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आज कुठे त्याची चव कळली.

सरिता आजही होडीत बसून होती. दुसऱ्या बायकांचे कपडे सांभाळले, एकीला चक्कर आली तिला लिंबूपाणी दिलं. म्हणजे एवढ्या लांब जाऊन पुन्हा तेच! समुद्राचा फक्त उद्याचा दिवस उरलाय.

दुपारनंतर ऑफिसात बसवेना. नासीरभाई चहा घेऊन आले. मी म्हटलं, नासीरभाई, तिचे दोन दिवस माझ्यामुळे गेले. ते म्हणाले, ‘‘तुमच्यामुळे कसे? लिहिनाऱ्या पोरीनं चुकीचं लिवलं.’’ मी म्हटलं, पोरीने ऐकलं ते लिहिलं. वाचायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, कारण मला तिने जायलाच नको होतं. ते कप उचलून जाताना म्हणाले, ‘‘भाई, हे वहिनींना सांगा. मला सांगून काय फायदा?’’

संध्याकाळी मुंबईच्या बाईंना पुन्हा फोन लावला. सरळ सांगितलं, मॅडम, मी एजंट म्हणून नाही बोलत. माझी बायको चौदा हजार बायकांना पोहायला शिकवून, म्हणजे आकडा मी उगाच सांगतोय, पण खूप बायकांना शिकवून झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी पाण्यात उतरणार आहे, आणि ती तुमच्या सहीसाठी होडीत खोळंबलीय. बाई म्हणाल्या, बघते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दात घासत असताना मेल आला. दुरुस्ती झाली. ‘समाविष्ट क्रीडाप्रकार: फ्रीडायव्हिंग, हौशी. कमाल खोली वीस मीटर.’ या वेळी शब्द न् शब्द वाचला. मृत्यूचा परिच्छेदही वाचला. मग सरिताला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘उतर.’ त्याच्यापुढे बरंच काही लिहून खोडलं. जे नासीरभाईंना सांगितलं ते मात्र लिहिलं: ‘तुला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून मी पॉलिसी वाचली नाही. चूक माझी.’

तिचं उत्तर आलं, ‘माहितीये. निघतोय आम्ही.’

माहितीये म्हणे! मला तरी कुठे माहीत होतं मंगळवारपर्यंत?

तिने सांगितलं होतं की होडी जागेवर पोहोचायला अर्धा तास लागतो. मी ऑफिस उघडून बसलो. घड्याळ बघितलं आणि आता उतरली असेल अशा अंदाजाने, काय सुचलं कोण जाणे, दम कोंडला. आबांसारखा. समोर मोटारसायकलचा विमा करायला आलेला मनुष्य होता. तो म्हणाला, ‘‘भाऊ, काय व्हई ऱ्हायनं? तोंड लाल पडनं तुमनं.’’ मी हाताने थांब म्हटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि दम सुटला. ती अजून खालीच असणार. पुन्हा कोंडला. पुन्हा सुटला. मला पोहता येत नाही, उडी मारायची तर कुठे मारणार? त्या माणसाने पाणी आणून दिलं आणि विमा उद्या करू म्हणून निघून गेला.

इतकी भीती मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. आणि हे काही आजचं नाही. ही भीती चार जानेवारीच्या चहापासूनची आहे, मी तिला नियम, नियम म्हणत होतो.

दुपारी व्हिडिओ आला.

निळं पाणी, त्यात नारिंगी गोळा तरंगतोय, त्याला दोर. शिक्षक पाण्यात तोंड घालून खाली बघतोय. बराच वेळ काहीच नाही. मी व्हिडिओ बघतानाही श्वास घेतला नाही, मूर्खासारखा. मग दोराच्या कडेने एक काळी रेघ वर येते, सावकाश, अजिबात घाई नाही, आणि सरिताचं डोकं पाण्याबाहेर निघतं. ती गोळ्याला धरते. श्वास घेते. पुन्हा घेते. बोटांची गोल खूण करते, जशी त्यांच्यात करतात. आणि मग मोठ्यांदा म्हणते, ‘‘आले!’’

मागून नाशिकची कोणी बाई हसत ओरडते, ‘‘सरिताताई, आय ॲम ओके म्हणायचं असतं!’’

नियमाने तेच म्हणायला हवं. उद्या कशावरून वाद झाला तर कंपनी असले मुद्दे काढते. फोनवर तिला हे बजावायचं असं मी ठरवलं, आणि लक्षात आलं की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय.

व्हिडिओ मोनालीला पाठवला, नासीरभाईंना गाळ्यात जाऊन दाखवला, भटूला पाठवला. मोनालीने पाच-सहा बदाम पाठवले. भटूला लिहायचा कंटाळा, त्याने बोलून पाठवलं. ते घरी येऊन ऐकलं.

‘‘दाजी, अक्का आम्हले ‘उनू’ म्हने. हाई ‘आले’ कोनले म्हनी ऱ्हायनी?’’

मी गॅस पेटवायचा विसरून ओट्याशी उभा राहिलो. चष्मा पुसला. व्हिडिओ पुन्हा लावला. काळी रेघ वर आली, डोकं निघालं, श्वास, श्वास, खूण. ‘‘आले!’’

‘‘सावकाश ये गं,’’ मी म्हणालो. मोठ्यांदाच म्हणालो. घरात कोणी नव्हतं.